शाळेची वर्गणी पटत नसेल तर: राजकीय रंगाच्या निधीसंकलनावर हरकत कशी घ्यावी

मुलाच्या दप्तरातून कुपनांचं एक पुस्तक निघतं. वीस कुपनं, प्रत्येकी दहा रुपये. मुखपृष्ठावर भागातल्या नेत्याचा हसरा फोटो, खाली त्याच्या वडिलांच्या नावाचा ट्रस्ट आणि डायरीत बाईंची ओळ: ‘शुक्रवारपर्यंत २०० रुपये व पुस्तक परत आणणे.’ कुणाच्या घरी असंच एखाद्या मंदिराच्या बांधकामाचं पत्रक येतं, कुणाच्या घरी आरक्षणाच्या मोर्चासाठीची वर्गणी, तर कुणाच्या घरी लांबच्या एखाद्या युद्धातल्या एकाच बाजूच्या लोकांसाठीचा मदतनिधी. रक्कम फार नसते. पण दिली तर ज्याला आपण मतही देणार नाही त्याच्या कामाला हातभार लागतो, आणि नाही दिली तर वर्गात मूल एकटं पडेल याची धास्ती.

यावर बहुतेक पालक दोनपैकी एक करतात. मुकाट्याने पैसे देतात, नाहीतर रात्री अकरा वाजता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन परिच्छेदांचा संताप टाकतात. मी काही काळ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत होते आणि दोन्ही प्रकार जवळून पाहिले. पहिल्याने काहीच बदलत नाही. दुसऱ्याने शाळेला हवं ते आयतं मिळतं: विषय ‘शाळेने काय केलं’ यावरून ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे’ यावर जातो. खालची सगळी कृती एका गोष्टीवर उभी आहे. हरकत निधीच्या हेतूवर घेऊ नका, निधी गोळा करण्याच्या पद्धतीवर घ्या. हेतूवर बोललात तर निम्मे पालक तुमच्या विरोधात जातील. पद्धतीवर बोललात तर त्याच नेत्याचा कार्यकर्ता असलेला पालकही ‘पोरांना यात ओढायला नको होतं’ असं म्हणू शकतो. मी तसं म्हणताना ऐकलंही आहे.

आधी कागद वाचा

राग येण्याआधी ते पुस्तक, पत्रक किंवा मेसेज शांतपणे वाचून काढा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. डायरीच्या पानाचाही काढा, तारखेसकट. मेसेज असेल तर स्क्रीनशॉट घ्या, कारण ग्रुपवरचे मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ व्हायला वेळ लागत नाही.

मग पैसे कुणाकडे जाणार ते शोधा. शाळेच्या खात्यात, संस्थेच्या खात्यात, बाहेरच्या ट्रस्टकडे, की एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय नंबरवर? क्यूआर कोड छापलेला असेल तर तो स्कॅन करून बघा. पैसे पाठवायचे नाहीत, फक्त समोर कुणाचं नाव येतं ते वाचायचं. ट्रस्टचं म्हणून छापलेलं कुपन आणि समोर येणारं नाव मात्र एखाद्या गृहस्थाचं, असं निघालं तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं.

पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. महाराष्ट्रातले सार्वजनिक न्यास १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेले असतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी घ्यायची असेल तर त्याच कायद्याच्या कलम ४१ क खालची प्रक्रिया असते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी जी परवानगी काढतात तीच ही. विश्वस्त कोण आहेत हे बघायचं असेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा मागता येतो. शाळेच्या संस्थाचालकांपैकीच कुणी त्या ट्रस्टवर विश्वस्त आहे, असं त्या उताऱ्यात आढळणं अगदीच दुर्मीळ नाही.

शेवटी भाषा बघा. ‘ऐच्छिक’ हा शब्द कुठे आहे का? ‘आणणे’, ‘अनिवार्य’, ‘प्रत्येकी किमान’ असे शब्द आहेत का? मुदत दिली आहे का? न देणाऱ्याचं काय होणार ते लिहिलंय का, की ते फक्त वर्गात तोंडी सांगितलंय? तोंडी सांगितलेलं मुलाकडून ऐकून त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा, मुलाच्या शब्दांत.

सगळ्याच वर्गण्या वादाच्या नसतात

७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९पासून पाळला जातो आणि त्यासाठी शाळांमधून निधी जमा होतो. पूर, भूकंप, दुष्काळ यांत मुख्यमंत्री सहायता निधीला शाळा मदत करतात. शाळेच्या छपरासाठी, वाचनालयासाठी माजी विद्यार्थ्यांकडून पैसे घेतात. यांतल्या कशातही सक्ती झाली तर बोलायलाच हवं, पण त्याला राजकीय म्हणून अंगावर घेऊ नये.

स्वतःला एक प्रश्न विचारून बघा. अगदी हेच पुस्तक, याच रकमेचं, याच पद्धतीने, पण तुमच्या आवडत्या बाजूसाठी आलं असतं तर तुम्ही हरकत घेतली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर तुमची हरकत पद्धतीवर आहे, बिनधास्त पुढे जा. ‘नाही’ असेल तर तुमचा वाद शाळेशी नाही. तो मतपेटीत मांडा, शाळेच्या ऑफिसात नको.

पूरग्रस्तांना मदत पण पेटीवर पक्षाचं चिन्ह, असा मधला प्रकारही असतो. तिथे मागणी सोपी ठेवावी: पेटी राहू द्या, चिन्ह काढा, पैसे सरकारी निधीत जमा करून पावती सूचनाफलकावर लावा. ही मागणी कुणालाही नाकारणं अवघड जातं.

तुमची शाळा कोणत्या जातकुळीची?

इथे जरा थांबावं लागेल, कारण कुठला कायदा कामाला येईल हे शाळेच्या प्रकारावर अवलंबून आहे आणि पालकांची गफलत बहुधा इथेच होते. जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची, खासगी अनुदानित, खासगी विनाअनुदानित की अल्पसंख्याक संस्थेची, हे आधी ठरवा. शाळेच्या दाखल्यावर, शुल्काच्या पावतीवर किंवा फाटकावरच्या पाटीवर बहुतेक वेळा ते लिहिलेलं असतं. यू-डायस क्रमांकावरूनही (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) कळतं.

जिल्हा परिषद व महापालिकेच्या शाळांत शिक्षक हे सार्वजनिक सेवेतले कर्मचारी. त्यांच्या सेवेला वर्तणूक नियम लागू असतात (जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६७चे, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९चे) आणि राजकीय कामात भाग घेण्यावर त्यांत निर्बंध आहेत. नेत्याच्या फोटोचं कुपन वर्गात वाटणं त्यांनाही अडचणीचंच असतं. म्हणून अशा शाळेत मुख्याध्यापकांना नुसतं ‘सर, याला वरून लेखी पत्र आहे का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटतं.

पहिली ते आठवीच्या मुलांसाठी २००९चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येणार नाही. अपवाद फक्त दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं. ट्रस्टची कुपनं खपवणं यांत कुठे बसतं ते संस्थेने सांगावं. कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करतं. पैसे न आणणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं, उभं करणं, ‘तुझे बाबा देशद्रोही आहेत का’ असलं काही बोलणं हे त्या कलमाच्या कक्षेत येतं. आणि कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ‘पटत नसेल तर दाखला घेऊन जा’ या वाक्यावर हे कलम लक्षात ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानुसार हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही, त्यामुळे तिथे ही कलमं तक्रारीत लिहून उपयोग नाही. खासगी शाळांच्या शुल्कासाठी मात्र महाराष्ट्राचे स्वतःचे कायदे आहेत: कॅपिटेशन फीला (प्रवेशासाठी उकळलेल्या जादा रकमेला) मनाई करणारा १९८७चा आणि शुल्क विनियमनाचा २०११चा. ठरवून दिलेल्या शुल्कापलीकडची रक्कम वेगळ्या नावाने सक्तीने वसूल करता येत नाही, हा दोन्हींचा गाभा. मनापासून दिलेल्या देणगीला त्यांची आडकाठी नाही. म्हणजे सगळा भार ‘सक्ती’ या शब्दावर येतो, आणि म्हणूनच डायरीतल्या ‘आणणे’चा फोटो महत्त्वाचा.

निधी धार्मिक असेल तर संविधानाचं कलम २८ आठवा. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायची सक्ती, मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीशिवाय, करता येत नाही. हे कलम देणगीबद्दल थेट बोलत नाही, तेव्हा ते पत्रात ठासून लिहू नका. पण पालकाला विचारल्याशिवाय नाही, हे तत्त्व तिथूनच घेता येतं. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य हा १९८६चा निकालही माहीत असू द्यावा. श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाणाऱ्या, पण आदराने उभ्या राहणाऱ्या तीन भावंडांना शाळेने काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत ही भूमिका, तर नेत्याच्या ट्रस्टचं काय घेऊन बसलात?

मुलाशी आधी बोला

हे काम पत्राच्या आधीचं. मुलाला उद्या वर्गात काय म्हणायचं ते ठरवून द्या आणि ते एका वाक्याचं असू द्या: ‘बाई, आईबाबा तुमच्याशी बोलणार आहेत.’ बस्स. त्याने त्या नेत्याविषयी आपलं घरचं मत वर्गात मांडायचं नाही, पुस्तक भिरकावायचं नाही, मित्रांना ‘तुम्ही का दिले’ असं विचारायचं नाही. कुपनांचं पुस्तक कोरं, जसंच्या तसं, एका पाकिटात घालून परत पाठवा आणि पाकिटावर ‘कुपन क्र. … ते …, वापरलेली नाहीत’ असं लिहा. पुस्तक हरवलं तर त्याच्या पूर्ण रकमेची वसुली पालकाकडून करतात, हा वेगळाच मनस्ताप टळतो.

सातवी-आठवीच्या पुढचं मूल असेल तर त्याला विचारा की तुला काय वाटतं. कधीकधी मुलालाच पैसे द्यायचे असतात, कारण सगळा वर्ग देतोय. अशा वेळी हट्टाला पेटू नका. त्याने दिले तरी पद्धतीवर तुमची हरकत तितकीच वैध राहते.

वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापिका

वर्गशिक्षिकेला गाठताना एक ध्यानात ठेवा: तिला प्रत्येक वर्गामागे आकडा दिलेला असतो आणि तो भरला नाही तर तिलाच ऐकून घ्यावं लागतं. काही जणी स्वतःच्या पगारातून उरलेली कुपनं भरतात. म्हणून तिच्याशी भांडू नये. शाळा सुटल्यावर दोन मिनिटं मागून घ्या. ‘बाई, तुमच्यावर राग नाही. आम्ही यात पैसे देणार नाही, आणि वर्गात आमच्या मुलीला त्यावरून कुणी काही बोलू नये एवढं बघा. पुढचं मी मोठ्या बाईंशी बोलते.’ बरेचदा त्याच हळू आवाजात सांगतात की बरं झालं कुणीतरी विचारलं.

मुख्याध्यापिकांची वेळ आधी मागून घ्या. एकटे जाऊ नका, पण जमाव घेऊनही जाऊ नका. दोघं-तिघं पुरे, आणि शक्य असेल तर त्यांत एक जण असा असावा ज्याचं राजकारण तुमच्यापेक्षा वेगळं आहे. या एका माणसाने भेटीचा सूर बदलतो. सुरुवात प्रश्नांनी करा: हा निधी कुणाच्या निर्णयाने? पैसे कुणाच्या खात्यात? पावती कोण देणार? ऐच्छिक असेल तर तसं लेखी कळवलंय का?

उत्तरं साधारण ठरलेली असतात. त्यांवर काय म्हणायचं तेही ठरवून जा.

‘अहो, ऐच्छिकच आहे की.’ मग म्हणा, ‘छान, तेवढंच एका ओळीत ग्रुपवर टाकाल का, मॅडम? आणि न देणाऱ्यांची नावं वर्गात घेऊ नयेत, हेही.’ तोंडी ‘ऐच्छिक’ आणि लेखी ‘ऐच्छिक’ यांत फार अंतर असतं.

‘वरून आदेश आहे.’ मग विचारा, ‘कुठल्या कार्यालयाचा? जावक क्रमांक आणि तारीख मिळेल का?’ शासन निर्णय असेल तर त्यावर संगणक सांकेतांक असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर सापडतो. तोंडी आदेशाला जावक क्रमांक नसतो.

‘संस्थेचा निर्णय आहे, माझ्या हातात काही नाही.’ हे खरंही असू शकतं. ‘मग संस्थेच्या सचिवांच्या नावे पत्र देते, तुमच्यामार्फत,’ असं म्हणा. यात मुख्याध्यापिकांची सुटका होते आणि तुमचा कागद योग्य टेबलावर जातो.

‘तुम्हाला धर्माचं, देशाचं, समाजाचं काही वाटत नाही का?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका. अगदी चपखल उत्तर जिभेवर असलं तरी. ‘माझं मत काय आहे हा विषयच नाही, मॅडम. मुलांच्या हातून बाहेरच्या संस्थेचे पैसे गोळा होऊ नयेत, एवढंच,’ इतकं बोलून पुन्हा आपल्या चार प्रश्नांवर या.

भेट झाल्यावर त्याच संध्याकाळी एक छोटा मेल किंवा मेसेज पाठवा: ‘आजच्या भेटीत आपण अमुक सांगितलं, धन्यवाद.’ काही चुकलं असेल तर त्या दुरुस्त करतील. नाही केली तर तीच तुमच्याकडची नोंद.

पत्र

आठवडाभरात हालचाल झाली नाही तर अर्ज द्या. एक पान, एक विषय, टोमणे नाहीत. साधारण असा:

*प्रति,*
*मा. मुख्याध्यापिका, ……… विद्यालय*

*विषय: विद्यार्थ्यांमार्फत होणाऱ्या निधीसंकलनाबाबत*

*महोदया,*

*माझी मुलगी इयत्ता ७ वी, तुकडी ब मध्ये शिकते. दि. …… रोजी वर्गात ‘………’ या संस्थेच्या कुपनांचे पुस्तक देण्यात आले व दि. …… पर्यंत २०० रुपये आणण्याची सूचना डायरीत देण्यात आली (प्रत सोबत जोडली आहे).*

*सदर संस्थेच्या कार्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तथापि विद्यार्थ्यांकडून बाहेरील संस्थेसाठी निधी गोळा करून घेण्यास माझी हरकत आहे. तरी कृपया पुढील गोष्टी कराव्यात: (१) हे संकलन ऐच्छिक असल्याची लेखी सूचना सर्व पालकांना द्यावी. (२) वर्गात कुपनवाटप व वसुली थांबवावी; ज्यांना मदत करायची असेल ते पालक थेट संस्थेस देतील. (३) न देणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे जाहीर करू नयेत. (४) आतापर्यंत जमलेल्या रकमेचा हिशेब सूचनाफलकावर लावावा. (५) हा विषय पालक-शिक्षक संघाच्या पुढील सभेत घ्यावा.*

*१५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.*

*आपली विश्वासू,*

‘संस्थेच्या कार्याबद्दल माझे काही म्हणणे नाही’ हे वाक्य लिहिताना हात अडखळेल. मनात पुष्कळ म्हणणं असतं! तरी ते राहू द्या. पत्राचं अर्धं बळ त्यात आहे.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर पोच घ्या: सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. नुसती सही करून ‘ठेवा, बघते’ म्हणाल्या तर हसत हसत शिक्का मागा. घ्यायलाच नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवा (रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे) आणि शाळेच्या ईमेलवरही टाका. पाच-सात पालकांच्या सह्या असल्या तर उत्तम. पण सह्यांसाठी ग्रुपवर आवाहन करण्यापेक्षा एकेकाला फोन करा. ग्रुपवर पहिला माणूस ‘मी देणार, कुणाला काय त्रास आहे’ म्हणाला की बाकीचे गप्प होतात. फोनवर तसं होत नाही.

सभा

सरकारी आणि महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान पाऊणपट सदस्य पालक असावे लागतात आणि अध्यक्षही पालकांमधूनच असतो. अनुदानित शाळेत या समितीची भूमिका सल्ल्यापुरती. खासगी शाळेत शुल्क कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघ शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत स्थापन व्हायला हवा आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडत काढून ठरते. आपल्या वर्गाचा प्रतिनिधी कोण हे निम्म्या पालकांना ठाऊक नसतं. ते नाव शोधा, त्याला चहाला बोलवा, पत्राची प्रत द्या.

सभेत विषय आयत्या वेळी काढू नका. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ यात घुसवलेला विषय ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून सुटतो. आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर आणा. सभेत ठरावाची मागणी करा, शाळेच्या माफीची नको. माफीची मागणी केली की शिक्षक एका बाजूला आणि पालक दुसऱ्या बाजूला होतात, ठराव मागितला तर सगळे मसुद्याच्या शब्दांवर बोलतात.

शाळा दाद देत नसेल

पायऱ्या ओलांडून एकदम मंत्र्यांना ट्वीट करण्याचा मोह आवरा. ग्रामीण भागात आधी केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. सातवी-आठवीपर्यंतच्या शाळेसाठी प्राथमिकचे, हायस्कुलासाठी माध्यमिकचे. मुंबईत खासगी माध्यमिक शाळांसाठी विभागाचे शिक्षण निरीक्षक, महापालिकेच्या शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. अर्जासोबत शाळेला दिलेल्या पत्राची पोच जोडा. ‘आधी शाळेकडे गेलात का?’ हा पहिला प्रश्न असतो आणि पोच हेच त्याचं उत्तर. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तिथे मिळणारा टोकन क्रमांक जपून ठेवा.

मुलाला त्रास झाला असेल तर वाट वेगळी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. तिथे समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

माहिती अधिकाराचा अर्ज हे चांगलं हत्यार आहे, पण ते नेमकं वापरा. राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नको. विनाअनुदानित शाळेला थेट अर्ज केलात तर ‘आम्हाला कायदा लागू नाही’ असं उत्तर येईल. त्यापेक्षा शिक्षणाधिकारी कार्यालयालाच विचारा: ‘अमुक शाळेस अमुक संस्थेसाठी विद्यार्थ्यांमार्फत निधी गोळा करण्याची परवानगी दिली असल्यास त्या पत्राची प्रत मिळावी.’ ३० दिवसांत बहुधा ‘अशी नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं. ते एका ओळीचं उत्तर शाळेपुढे ठेवलं की ‘वरून आदेश’ संपतो.

निवडणुकीचा हंगाम असेल तर गोष्ट गंभीर होते. प्रचारात मुलांचा वापर करू नये, अशी सक्त सूचना निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४मध्ये सगळ्या पक्षांना दिली होती. आचारसंहितेच्या काळात उमेदवाराच्या फोटोची कुपनं शाळेत वाटली जात असतील तर लोकसभा-विधानसभेच्या वेळी आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. महापालिका-जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा तक्रार तिकडच्या यंत्रणेकडे. या काळात प्रशासन एरवीपेक्षा बरंच चपळ असतं.

वर्तमानपत्राच्या स्थानिक पानाकडे जायचं का, हे शेवटी ठरवा. बातमी आली की शाळा झुकते, पण दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर त्या नेत्याची माणसंही उभी असतात आणि मुलाला त्याच फाटकातून आत जायचं असतं. शाळेतल्या लहान मुलाचं नाव, वर्ग, फोटो कुठेही जाणार नाही, याची खात्री नसेल तर मी तरी जाणार नाही.

किती मिळालं म्हणजे पुरे?

बहुतेक शाळा चूक कबूल करत नाहीत. त्या गुपचूप कुपनं परत मागवतात, बाई वर्गात ‘ज्यांना जमेल त्यांनीच’ असं म्हणतात, आणि विषय विरतो. हे यशच आहे, ते खेचत बसू नका. आधी दिलेले पैसे परत हवे असतील तर पावती दाखवून लेखी मागा. रक्कम छोटी असेल तर आग्रह धरावा की नाही हे तुमचं तुम्ही बघा.

मात्र पुढच्या वर्षाची सोय याच वर्षी करून घ्या, कारण कार्यकारी समिती दरवर्षी नव्याने निवडली जाते आणि नव्या लोकांना जुनं काही ठाऊक नसतं. ठराव मोजक्या शब्दांचा असावा: ‘शाळेत वा शाळेच्या अधिकृत ग्रुपवर कोणत्याही राजकीय पक्षासाठी, राजकीय व्यक्तीच्या नावाच्या वा छायाचित्राच्या उपक्रमासाठी निधी गोळा केला जाणार नाही. इतर कोणत्याही बाहेरील निधीसाठी कार्यकारी समितीची पूर्वमान्यता व पालकांची लेखी संमती घेतली जाईल, रोख रक्कम विद्यार्थ्यांच्या हाती दिली जाणार नाही आणि जमलेल्या रकमेचा हिशेब एका महिन्यात फलकावर लावला जाईल.’ सूचक आणि अनुमोदक वेगवेगळ्या विचारांचे पालक असतील असं बघा. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम होतं तेव्हा हजर राहा, कारण ठरावातले ‘लेखी’ आणि ‘पूर्व’ हे दोन शब्द इतिवृत्तात येता येता गळून पडतात. ते आहेत ना हे तपासा, सही झालेल्या पानाची प्रत मागून घ्या आणि जूनमध्ये नवी समिती बसली की तिच्यातल्या पालक सदस्यांच्या हातात द्या.